दिव्याची जागा

वडिलांनी व्हॅन आणली तेव्हा तिच्यावरचं शाळेचं नाव अर्धंच खरवडलेलं होतं. पिवळा रंग उन्हानं विटलेला, दोन्ही बाजूंना ओळीनं खिडक्या, बाकांच्या पाठींवर मुलांनी कर्कटकानं कोरलेली नावं. नाशिकला सिडकोतल्या आमच्या गल्लीत ती उभी राहिली आणि शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, "भाऊंना शाळेची ड्युटी मिळाली का?"

"नाय ओ," आई म्हणाली, "आमी राहणार हाय त्यात."

काकू हसल्या. त्यांना ती थट्टा वाटली. मी दारात उभा होतो, तो उगाच आत गेलो आणि पाणी प्यायलो.

थट्टा नव्हती. वडील आधी अंबडला एका कारखान्यात प्रेस मशीनवर होते. ते काम सुटल्यावर त्यांनी मधमाश्या पाळायचं शिकून घेतलं आणि हळूहळू पेट्या जमवल्या. डाळिंबवाले, कांद्याचं बी धरणारे शेतकरी फुलोऱ्याच्या दिवसांत अशा पेट्या भाड्यानं शेतात ठेवून घेतात. माश्या फुलांवर फिरल्या की बी चांगलं भरतं. पेट्या या शेतातून त्या शेतात जातात, आणि त्यांच्यामागे माणसांना जावं लागतं. पहिल्या हंगामात आई-वडील कधी पंपाच्या खोलीत झोपले, कधी पत्र्याच्या शेडमध्ये, एकदा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली. हे आईनं मला नंतर सांगितलं, तेही हसत हसत. मी तेव्हा नाशिकला आमच्या खोलीत राहून कॉलेजला जात होतो. पंख्याखाली झोपत होतो.

म्हणून व्हॅन. बाकं काढून टाकायची, एका बाजूला झोपायला फळी, दुसऱ्या बाजूला भांडी-कपडे आणि मध्ये उभं राहायला जागा. सुताराचं काम वडिलांनी स्वतःच केलं. विजेचं माझ्यावर आलं.

मी इलेक्ट्रिकल इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. त्यामुळे घरच्यांना दुसरं वर्ष आणि शेवटचं वर्ष यांत काही फरक वाटत नसे. गाडीची वायरिंग करणारे मिस्त्री अंबडच्या रस्त्याला पुष्कळ आहेत, पण वडील म्हणाले, "घरात इंजिनियर असताना बाहेरचा मानूस कशाला?" मला सांगायचं होतं की मी आजवर फक्त प्रयोगशाळेतल्या फळीवर तारा जोडल्या आहेत, त्याही तिघांत मिळून. ते काही माझ्याच्यानं बोलवलं नाही. ज्यानं आपल्याला शिकवायला घातलं त्याला, मला अजून येत नाही, हे सांगणं मला नेहमीच जड गेलं आहे.

मग मी शिकलो. लायब्ररीत बसलो, मोबाईलवर माहिती शोधली, सरांना वर्ग सुटल्यावर गाठलं. रविवार कारंजा चौकातल्या दुकानातून तारा आणल्या. घरातल्या विजेचं जे मला थोडंफार माहीत होतं, ते गाडीत जसंच्या तसं चालत नव्हतं. वडील बाजूला बसून पाने-पक्कड द्यायचे आणि मध्येच विचारायचे, "अर्थिंगचं काय करणार? मीठ-कोळशाचा खड्डा घेऊन फिरायचं का गाडीमागं?" ते मजेत विचारायचे, पण मी कावराबावरा व्हायचो. दुसऱ्या दिवशी उत्तर शोधून आणायचो की गाडीचा लोखंडी सांगाडाच बॅटरीच्या एका टोकाला जोडतात, खड्डा लागत नाही. वडील मान डोलवायचे आणि गल्लीत कुणी भेटलं की तेच त्याला समजावून सांगायचे.

छतावर सोलर पॅनल, ड्रायव्हरच्या मागे पेटीत बॅटरी, तिच्याजवळ फ्यूजचा डबा. तिथून तारा दिव्याला, पंख्याला आणि मोबाईलच्या चार्जिंगला. सगळी वीज एकदम बंद करणारा मेन स्विच मी ड्रायव्हरच्या दाराशी बसवला, बाहेरून दार उघडलं की हात पोचेल असा. गाडीच्या बॅटरीचा शॉक बसत नाही म्हणून लोक बारीक तारा टाकतात, त्या तापतात, कधी पेटतात. मी जाड तारा टाकल्या. पत्र्याच्या कडेला घासून सोलू नयेत म्हणून प्रत्येक भोकात रबर बसवलं. मला वाटायचं, चुका होतात त्या तारांतच होतात.

आईची मागणी एकच होती. "पंखा नसला तरी चालंल. दिवेलागणीला घरात उजेड पायजे." तिन्हीसांजेला ती घरात अंधार ठेवू देत नाही. सिडकोत लाईट गेली असली तरी त्या वेळेला मेणबत्ती लागायची आणि चांगलं अंधारून येईपर्यंत ती विझवायची नाही. पंपाच्या खोलीत राहिली तेव्हा तिला सगळ्यात जास्त तेच बोचलं होतं. म्हणून मी पंख्यावर कमी खर्च केला आणि दिव्याची पट्टी भारीतली घेतली. छताच्या मधोमध, पुढच्या टोकापासून मागच्या दारापर्यंत. खिडक्यांना आईनं मांजरपाटाचे पडदे शिवले, पांढरे. गडद रंगाला माश्या चिडतात, म्हणून त्यांच्या घरात आता सगळंच पांढरं किंवा फिकं असतं.

पहिल्यांदा बटण दाबलं आणि पट्टी लागली, तेव्हा आईनं तिला हात जोडले. वडिलांनी व्हिडिओ काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. गल्लीत रस्त्यावरचा मोठा दिवा आमच्या दारासमोरच होता. व्हॅन कितीतरी संध्याकाळी त्याच्या उजेडात उभी राहिली आणि तिच्याकडे बाहेरून बघून मला काहीही वेगळं दिसलं नाही.

थंडी संपता संपता पेट्या सटाण्याच्या बाजूला गेल्या. कांद्याला पांढऱ्या फुलांचे गोंडे आले होते. आई-वडील व्हॅन घेऊन गेले आणि आई रोज फोनवर सांगायची, "लय बरं वाटतं रे. आपलं घर आपल्यासंगं." परीक्षा जवळ होती, प्रॅक्टिकल चालू होती, त्यामुळे मला लगेच जाता आलं नाही. एका शनिवारी एसटीनं गेलो. फाट्यावर उतरून शेतापर्यंत चालत. गोंड्यांची पांढरी शेतं आणि त्यांच्या बांधाला आमची पिवळी व्हॅन लांबूनच दिसली. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला स्वतःचा अभिमान वाटला.

वडील पेट्यांपाशी होते. माश्या संध्याकाळी परत येतात, तेव्हा त्यांना तिकडे काम असतं, अंधार पडेपर्यंत ते येत नाहीत. आई कांद्याच्या बी-प्लॉटात निंदायला जायची, ती नुकतीच येऊन पाय धूत होती. "आलास? थांब, मी साडी बदलते, मग चहा टाकते," म्हणाली आणि आत गेली. दार लावून घेतलं. मी तिथंच रेंगाळलो, तेवढ्यात खळ्यावरून हाक आली. शेतावर वर्षभरासाठी ठेवलेले सालदार आणि कामावरची दोन-तीन माणसं खाटेवर बसली होती.

"ये भो, बठ. चहा पिशी ना?" सालदार अहिराणीत म्हणाले. साठीकडे झुकलेला माणूस, चेहरा मायाळू. मी बसलो. त्यांनी बशीत नाही, मुद्दाम कपात चहा दिला.

"ती वायरिंग तूच करी ना? तुना बाप सांगे."

"हो."

"भारी शे भो. आख्खं शेत उजळी जास."

बाकीचे हसले. एकानं दुसऱ्याला कोपरानं ढोसलं. मला ते कौतुकच वाटलं. मी लाजून हसलो, कप हातात फिरवत बसलो. कुणी हसलं की आपणही थोडं हसायचं, ही माझी अनोळखी लोकांत बसायची पद्धत आहे.

सूर्य बुडून गेला होता. व्हॅनमध्ये दिवा लागला.

"देखा, शो चालू व्हयना," एकजण हळूच म्हणाला.

मी हसत हसतच तिकडे बघितलं. शेतात दुसरा उजेड कुठलाच नव्हता. पांढरे पडदे आतून उजळले होते आणि त्यांच्यावर आईची सावली पडली होती. ती अंबाडा सोडत होती. एक-एक पिन काढून दातांत धरलेली, तीसुद्धा कळत होती. पुढचं लिहीत नाही. बाई कामावरून आली होती आणि कपडे बदलत होती, एवढंच.

मी उठलो. पळालो असतो तर मला कळलं हे त्यांना कळलं असतं, म्हणून चालत गेलो. ते अंतर थोडंसंच होतं, पण माझ्या पाठीवर त्यांचं बघणं होतं आणि समोर तो पडदा, आणि मला मान कुठे वळवावी हेच कळेना. ड्रायव्हरचं दार उघडलं आणि मेन स्विच बंद केला.

"काय झालं रे?" आईचा आतून आवाज.

"फ्यूज गेला, आई."

"आत्ता? या टायमाला? लाव लवकर, अंधार नको."

मागे खळ्यावर कुणीतरी ओरडलं, "लाईट गई रे!" आणि हसू.

वडील जाळीची टोपी काढत आले. "काय झालं?"

"फ्यूज गेला."

"मग दुसरा टाक की. जादा देऊन ठेवले होते ना तू?"

"ते... त्या मापाचे नाहीत."

जादा फ्यूज फळीखालच्या डब्यात होते, माझ्याच अक्षरात चिठ्ठी लावलेले. वडिलांना वाचता येतं. त्यांनी डबा उघडला असता तर सगळं तिथंच कळलं असतं. पण मी म्हणतोय म्हटल्यावर त्यांनी तो उघडला नाही. ते टॉर्च मागायला खळ्यावर गेले आणि तिथून त्यांचं बोलणं मला ऐकू आलं. "काय सांगू, पोरगं इंजिनियर आन घरात अंधार!" सगळे मोठ्यानं हसले. वडीलही हसले, ओशाळून. त्यांनी याच लोकांना माझ्याबद्दल काय काय सांगितलं असेल ते मला ठाऊक होतं.

आम्ही टॉर्चच्या उजेडात जेवलो. आईनं तूप जास्त वाढलं. "होतं असं," ती म्हणाली, "शिकतोयस ना अजून." मी भाकरीचे तुकडे करत बसलो. तिला वाटलं, वायरिंगचंच मनाला लागलंय.

माझा बेत असा होता की सकाळी दिव्याची जागा बदलायची, फ्यूज बदलला म्हणून सांगायचं आणि विषय संपवायचा. पण मी उठून तोंड धुतोय तोवर वडिलांनी गावातल्या इलेक्ट्रिशियनला फोन करून बोलावलंही होतं. माझी फजिती वाढू नये म्हणून त्यांनी त्याला सांगून ठेवलं होतं, "पोराला काही बोलू नका, तो अजून शिकतोय." हे तो मोटरसायकल लावता लावता मलाच म्हणाला.

त्यानं फ्यूजचा डबा उघडला. मीटर लावून बघितलं. एक-एक जोड हलवून बघितला. मग माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या.

"फ्यूज चांगला शे. वायरिंग बी एकदम साफ." तो खाली वाकला, मेन स्विच फिरवला. भर सकाळी छतावरची पट्टी लागली. "हाई देखा! बटन बंद करीसन माले बलायं का, भाऊ?"

तो हसत चहा न घेताच गेला. कुणीही माझ्या कामाची इतकी स्वच्छ पावती आजवर दिली नव्हती, आणि ती ऐकताना मला जमिनीत जावंसं वाटत होतं.

"तू केला बंद?" वडिलांनी विचारलं.

मी फ्यूजच्या डब्याचं झाकण लावायला लागलो.

"अरे, चार माणसांत मी तुला हसलो काल. तू ऐकून घेतलं. कशापायी?" ते चिडले नव्हते. चिडले असते तर बरं झालं असतं. "बोल की."

वडिलांशी मी बॅटरीबद्दल बोलू शकतो, फीबद्दल, माश्यांबद्दल. हे मी कुठल्या शब्दांत सांगणार होतो? तोंड उघडलं असतं तर ते चित्र त्यांच्याही डोळ्यांसमोर गेलं असतं, आणि मग ते खळ्यावर गेले असते, आणि पेट्या अजून महिनाभर त्याच शेतात राहायच्या होत्या.

आई व्हॅनच्या दाराशी स्टोव्हवर भाकरी टाकत होती. तिचा थापण्याचा आवाज थांबला. पिठाचे हात तसेच घेऊन ती उठली, आत गेली. पट्टी अजून चालू होती. ती दिव्याखाली उभी राहिली, आपला हात वर केला आणि पडद्याकडे बघत राहिली. उन्हात पडद्यावर काही दिसत नव्हतं. तरी ती बघत होती.

बाहेर आली आणि वडिलांना म्हणाली, "मीच सांगितलं होतं त्याला बंद कर म्हणून. उजेडाला किडं येत होतं."

"मग फ्यूज गेला कशाला म्हणाला?"

"जाऊ द्या ना आता. पेट्या बघा जा, ऊन चढलं."

वडील आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघून गेले. त्यांना हे पटलं नव्हतं. पण आईचा तो आवाज त्यांना ओळखीचा आहे.

आईनं भाकरी उलटली. माझ्याकडे न बघता विचारलं, "रोज दिसत होतं?"

"मी कालच आलो, आई."

ते बोलल्याबरोबर मला कळलं की हे तर उत्तरच झालं. मी आलो त्या एका संध्याकाळी मी स्विच बंद केला होता. त्याआधीच्या सगळ्या संध्याकाळी दिवा वेळेवर लागला होता, तिला हवा तसा, आणि मी नाशिकला अभ्यास करत होतो.

भाकरी एका बाजूनं करपली. तिनं ती तशीच टोपलीत टाकली.

"शेताची मालकीण मला दोनदा म्हणाली," आई म्हणाली, "ताई, आमच्या मोरीत बदलत जा म्हणून. मी म्हनलं, नको, आमच्या घरात लाईट हाय. माझ्या पोरानं केली." मग म्हणाली, "तिला वाटलं असंल, काय बाई हाय."

मी तव्याकडे बघत राहिलो.

"तू कुठं होता तवा?"

"खळ्यावर."

"त्यांच्यासंगं?"

मी मान हलवली. तिनं पुढं विचारलं नाही, म्हणून मी हसल्याचं तिला सांगावं लागलं नाही. तिनं विचारलं असतं तर मी सांगितलं असतं का, हे मला आजही ठामपणे म्हणता येत नाही.

दिवसभर मी तेच काम केलं. छतावरची पट्टी काढली. दिवा माणसाच्या मागे असला की सावली पडद्यावर जाते. दिवा पडद्याच्याच बाजूला, खिडकीच्या वर असला, की सावली उलट दिशेला, आतल्या भिंतीवर पडते. हे समजायला कॉलेज लागत नाही. मी एका बाजूच्या खिडक्यांच्या वर फळीची पट्टी ठोकली आणि तिच्या आडोशाला दिवा बसवला. समोरच्या बाजूच्या खिडक्या आतून प्लायवूडनं बंद केल्या. वारा कमी झाला. आईनं उरलेल्या खिडक्यांच्या पडद्यांना दुसरा पदर लावला, हातानंच शिवला, माझ्यापासून दोन हातांवर बसून. आम्ही कामापुरतं बोललो. खिळा दे. दोरा कुठंय. वडील मध्ये एकदा येऊन बघून गेले. चांगला उजेड काढून टाकून मी मंद उजेड का करतोय, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांना सकाळपासून आमच्यातून वगळल्यासारखं झालं होतं आणि त्याचंही कारण मीच होतो.

संध्याकाळी मी म्हणालो, "तू आत थांब, मी बाहेरून बघून येतो."

"नाय," आई म्हणाली, "तू आत जा. मी बघते."

मी आत गेलो, दार लावलं, दिवा लावला.

"हात वर कर," ती बाहेरून म्हणाली.

मी केला.

"दोनी. केस सोडल्यावानी."

मी दोन्ही हात डोक्यामागे नेले. नसलेला अंबाडा सोडायला लागलो. लाकडाचा वास येत होता आणि प्लायवूडवर माझीच सावली माझ्याकडे तोंड करून तेच करत होती. बाहेर आईची पावलं एका खिडकीपाशी थांबली, मग दुसऱ्या, मग गाडीला वळसा घालून मागच्या दाराशी. तिथं ती बराच वेळ होती. मग पावलं दूर गेली. मला वाटलं, पाणी आणायला गेली असेल.

पण खळ्यावरची बोलणी एकदम थांबली, आणि मला तिचा आवाज ऐकू आला. मोठा नाही, रोज बाजारात भाव विचारते तसा.

"दादा, इथून काय दिसतं का हो?"

खाट करकरली. मग सालदारांचा आवाज आला, इतका खाली की मला कान द्यावा लागला. "नही ताई. काहीच दिखस नही."

"बाकीच्यांनीबी बघा," आई म्हणाली, "नीट बघून सांगा."

मी दोन्ही हात डोक्यामागे धरून तसाच उभा होतो. तिनं अजून खाली कर म्हटलं नव्हतं.